वन्यप्राण्यांची शिकार, पाळणं आणि पिंजरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी, ऊसतोड कामगार, शिक्षक, सोसायट्यांतले पक्षीप्रेमी आणि प्राणीसंग्रहालय पाहून आलेले पालक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र धरून दिली आहेत. कायदा केंद्राचा असल्याने गोव्यालाही तोच लागू होतो. प्राण्याला मारायचं असो की कोंडायचं, आमची कसोटी एकच आहे: त्यात त्या प्राण्याचं किंवा त्याच्या जातीचं काही भलं आहे का? नसेल, तर दुसरे उपाय खरोखर करून पाहिले का?

१. शिकार म्हणजे मारणंच ना? नुसता फास लावला, काही अडकलं नाही, तर गुन्हा कसा?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या बरीच रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, हाका घालून हुसकावणं, फास किंवा सापळा लावणं, आमिष ठेवणं, जखमी करणं, अवयव काढून नेणं हे सगळं शिकारीत येतं. यातलं काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा शिकारच. पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं आणि घरटी उसकटणंही त्यातच धरलं आहे.

रिकामा फासही गुन्हा मानण्यामागे कारण आहे. क्लचवायरचा फास माणूस डुकरासाठी लावतो, पण तार जनावर ओळखत नाही. बिबट्याच्या कमरेला ती बसली की तो जितका ओढेल तितकी आत रुतते. हिसडा देऊन सुटला, तरी कमरेत राहिलेली तार जखम चिघळवते आणि असं जनावर झाडीत कुठेतरी हालहाल होऊन मरतं. शेताच्या बांधावर असा फास दिसला तर हात न लावता वनरक्षकाला दाखवा, कारण तो पुरावा असतो.

२. ससा, तितर, लावे तर पूर्वी परवान्यावर मारता येत होते. आता?

आता नाही. मूळ कायद्यात परवान्यावर काही शिकार चालत असे, म्हणून जुन्या लोकांच्या आठवणीत ते आहे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता प्राण्यांच्या मुख्य अनुसूची (कायद्याला जोडलेल्या याद्या) दोन आहेत: पहिलीत वाघ, बिबट्या, खवले मांजर, घोरपड यांसारखे सर्वाधिक संरक्षण असलेले, दुसरीत बाकीचे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. दुसरीतल्या प्राण्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मांस विकत घेणाराही सुटत नाही.

३. पोपट तर घरोघरी असतो. तोही गुन्हा?

हो. आपल्याकडचा कंठवाला पोपट, पहाडी पोपट, मुनिया, साळुंकी हे सगळे वन्यपक्षी आहेत. ते पकडणं, विकणं आणि पाळणं बेकायदा आहे. घरोघरी दिसतात याचं कारण अंमलबजावणी ढिली आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हा पक्षी पिंजऱ्यात येतो कसा ते पाहा. उन्हाळ्याच्या तोंडाशी ढोलीतून पंख न फुटलेली पिल्लं काढतात, टोपलीत एकावर एक भरतात, आणि बाजारात पोचेपर्यंत त्यांतली बरीच मरतात. ढोली मिळावी म्हणून फांदीच तोडली, तर पुढच्या वर्षी त्या जोडीला घरटंही उरत नाही. घरी आणलेला पोपट पंख कापून, मिरची-पेरूवर, एकटा ठेवला जातो. थव्यात राहणाऱ्या पक्ष्याला याहून मोठी शिक्षा नाही.

४. घरी आधीच पोपट आहे. पिंजरा उघडून सोडून देऊ?

सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाच्या पंखांच्या स्नायूंत ताकद नसते, त्याला अन्न शोधता येत नाही, आणि कावळे किंवा शिक्रा त्याला पहिल्याच दिवशी गाठतात. १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर कळवा आणि पक्षी त्यांच्याकडे सोपवा. तिथून तो उपचार केंद्रात जातो. मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव आणि थव्याची सवय झाल्यावर, तो सोडण्याजोगा आहे का ते ठरतं. कापलेली पिसं झडून नवी यायला महिने लागतात, तेव्हा घाई करून उपयोग नाही.

५. बजरीगर, आफ्रिकन ग्रे, इग्वाना हे तर परदेशी. ते चालतात ना?

बजरीगर आणि कॉकटिएल पाळायला अडचण नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव, इग्वाना यांसारख्या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंद असलेल्या जाती अनुसूची ४ मध्ये येतात. त्या ताब्यात आल्यावर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली किंवा प्राणी मेला तरी कळवायचं. विक्रेता ‘बिल आहे, चालतं’ म्हणतो, पण बिल म्हणजे नोंदणी नव्हे.

कासवांबाबत दोन वेगळ्या गोष्टी लक्षात ठेवा. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव भारतीय आहे, ते पाळता येत नाही. कानाजवळ लाल पट्टा असलेलं बाजारातलं छोटं कासव अमेरिकेतलं. नाण्याएवढं असताना घेतात, थाळीएवढं झालं की तळ्यात सोडतात, आणि तिथे ते स्थानिक कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. कंटाळा आला म्हणून ते कुठल्याही पाण्यात सोडू नका.

६. ऊस तोडताना बिबट्याची पिल्लं सापडली. काय करायचं?

हा प्रश्न ऊसतोडीच्या हंगामात सर्वांत जास्त येतो. जुन्नर, शिरूर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात मादी उसातच पिल्लं घालते.

पहिलं काम म्हणजे त्या सऱ्यांतली तोड थांबवणं. पिल्लांना हात लावू नका, कडेवर घेऊन फोटो काढू नका, गाईचं दूध पाजू नका. ते बाधतं, आणि घाईत पाजलेलं दूध श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावतं. लोकांना बांधाबाहेर काढा, कुत्री बांधा, १९२६ ला फोन करा. मादी बहुतेक वेळा जवळच दडलेली असते, म्हणून वाकून शोधाशोध करू नका.

वन विभागाची माणसं पशुवैद्याकडून पिल्लं तपासून घेतात. मग संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, जिथे सापडली तिथेच ती क्रेटमध्ये ठेवतात आणि शेजारी कॅमेरा ट्रॅप (हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावतात. झाकण असं ठेवायचं की पिल्लू चढून बाहेर येणार नाही, पण मादीला पंजाने पाडता येईल. रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. हे फसतं ते मुख्यतः गर्दीमुळे: बांधावर मोटारसायकली आणि बॅटऱ्यांचे झोत असले की मादी जवळ येत नाही. पिल्लं कायमची उचलून नेली तर ती जन्मभर पिंजऱ्यात राहतात आणि चवताळलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते. म्हणजे भेट घडवून आणणं गावाच्याही हिताचं आहे.

पक्ष्याचं पिल्लू सापडलं तर: पंख आलेले असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. मांजराच्या तावडीतून काढून जवळच्या फांदीवर ठेवा, एवढंच. पंख नसतील तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकतात, हा गैरसमज आहे.

७. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) रातोरात पीक झोपवतात. त्यांना मारायची परवानगी मिळते का?

मिळू शकते. दोन्ही प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी कायद्याच्या कलम ११ खाली देता येते. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात करायचा. सोबत सातबारा, नुकसानीचे फोटो आणि आधीच्या पंचनाम्यांच्या प्रती जोडा. परवानगीत क्षेत्र आणि मुदत लिहिलेली असते, त्याबाहेरची गोळी म्हणजे शिकार. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. त्याचं मांस वाटलं की परवानाधारकच आरोपी होतो.

परवानगी हा शेवटचा उपाय आहे, आणि तो फारसा टिकतही नाही. डुकराची मादी एका वेताला चार-सहा पिल्लं देते, त्यामुळे दोन-चार मारून पुढच्या हंगामात फरक दिसत नाही. कुंपणाने दिसतो. तारेच्या कुंपणाला झटका मशीन लावताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. खालची तार गुडघ्याएवढी उंच ठेवली की डुक्कर नाकाने माती उकरून खालून शिरतं, म्हणून ती जमिनीपासून वीतभरच हवी. तारेखालचं गवत वेळेवर काढलं नाही की झटका गवतातून जमिनीत उतरतो. अर्थिंगची सळई कोरड्या मुरमात ठोकली तर उन्हाळ्यात मशीन नुसतं टिकटिक करतं आणि तारेत जोर नसतो. सळई ओलीच्या जागी ठोका.

तारेत घरचा किंवा खांबावरचा वीजप्रवाह कधीही सोडू नका. झटका मशीनचा झटका क्षणाच्या छोट्याशा भागापुरता असतो आणि जनावर मागे उडी मारतं. थेट लाइनचा प्रवाह स्नायू आवळून धरतो, सोडतच नाही. अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि रात्री पाणी धरायला गेलेले शेजारीही मेले आहेत. दुसरा जीवघेणा प्रकार म्हणजे डुक्करबॉम्ब, कणकेत गुंडाळलेलं स्फोटक. तो गाय चघळते आणि तिचा जबडा फाटतो.

पिकाच्या नुकसानभरपाईसाठी त्याच दिवशी कळवा. पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका. पाळीव जनावर मारलं गेलं असेल तर ते जागेवरून हलवू नका.

८. गावात बिबट्या दिसला. पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?

कारण ते करून पाहिलं आहे आणि त्याचं फळ वाईट निघालं. जुन्नर वन विभागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटर दूर सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, आणि हल्ले सरासरी १७ वर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मांडलं आहे. पिंजऱ्यात धडका देऊन दात-नखं मोडलेला, बिथरलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला की तो परतीची वाट धरतो, आणि ती वाट गावांतून जाते. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो.

नुसता दिसला तर पिंजऱ्याची मागणी करू नका. गोठा बंदिस्त करा, उकिरडा आणि भटकी कुत्री आटोक्यात ठेवा, लहान मुलांना संध्याकाळी उसाच्या कडेला एकटं सोडू नका, शौचाला बाहेर जाताना बॅटरी आणि सोबत असू द्या. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी प्रश्न १० पाहा.

९. अंगावर आलेल्या जनावराला जीव वाचवायला मारलं तर?

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, सद्हेतूने मारलं तर तो गुन्हा नाही. मात्र तुम्ही त्या वेळी स्वतःच शिकारीला किंवा तसल्या गुन्ह्यासाठी गेलेले असाल तर हे संरक्षण मिळत नाही. लगेच वन विभागाला कळवा आणि प्राण्याला हात लावू नका. नख किंवा मिशीचा केस काढला, तरी बचावाची बाजू कोसळते.

१०. माणसं मारणाऱ्या वाघाला गोळी घालणं योग्य आहे का?

कधीकधी दुसरा मार्ग उरत नाही. ज्या वाडीतली माणसं सरपण आणायला जाताना मरतात, तिला थांबा म्हणणं अन्याय आहे. पण क्रम पाळायला हवा, आणि कायदाही तेच सांगतो: पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी खात्री पटल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणं देऊन मारण्याचा आदेश देऊ शकतो. त्याआधी हल्ले याच वाघाने केले हे कॅमेरा ट्रॅपमधले पट्टे, पावलांचे ठसे आणि मृतदेहावरच्या लाळेची डीएनए तपासणी यांवरून ठरवायचं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागातल्या टी-१ म्हणजे अवनी वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. सर्वोच्च न्यायालयाने आदेशात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली, तेव्हा तिचे दोन बछडे मागे होते. वाद उठला तो रात्रीच्या कारवाईवर आणि बेशुद्ध करण्याचा प्रयत्न रीतसर झाला का, यावर. आमच्या मते तो वाद रास्त होता. मृतांच्या घरच्यांचा आक्रोशही तितकाच रास्त होता. आदेश योग्य असला तरी अंमलबजावणी चुकू शकते, आणि ती चुकली की पुढच्या खऱ्या गरजेच्या वेळी लोकांचा विश्वास उरत नाही.

११. पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगणाऱ्या समाजांचं काय? त्यांनाच का धरतात?

फासेपारधी समाजाचा व्यवसायच शिकारीचा होता. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये तो शिक्का पुसला, तरी संशय गेला नाही. त्याच काळात संस्थानिक हौसेखातर वाघ मारत होते. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. देशातले चित्ते संपले यात फासवाल्यांपेक्षा बंदुकवाल्यांचा आणि गवताळ रानं नांगरली जाण्याचा वाटा मोठा आहे.

कायद्यात पारंपरिक शिकारीला सूट नाही, आणि आजच्या उरल्यासुरल्या संख्येत ती देता येईल असं आम्हाला वाटत नाही. पण ज्याचं पोट कायद्याने काढून घेतलं त्याला दुसरं पोट देणं ही सरकारची जबाबदारी आहे. तितरांची शीळ आणि रानवाटा ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांना पक्षी-निरीक्षणात वाटाडे आणि वनसंरक्षणात मजूर म्हणून घेणं हा दोघांच्या फायद्याचा मार्ग आहे.

१२. आफ्रिकेत पैसे घेऊन शिकार करू देतात आणि त्यातून संवर्धन होतं म्हणे. इथे का नको?

नामिबियात गावांच्या सामूहिक क्षेत्रांना शिकारीच्या परवान्यांतून पैसा मिळतो, हे खरं. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली आणि पर्यटनाची वाट धरली, तिथेही वन्यजीवन टिकून आहे. म्हणजे एकच सूत्र सगळीकडे लागू होत नाही. तिथली जमीन अफाट आणि वस्ती विरळ. आपल्याकडे दोन-तीन एकरांची शेतं, मध्ये वाड्या, आणि वाघाची दोन जंगलं जोडणारा पट्टा गावांतून जाणारा. इथे बंदूकधारी पाहुणा आणणं धोक्याचं आहे, आणि कोणता प्राणी मारायचा हे पैसेवाल्याच्या पसंतीने ठरणं आम्हाला मान्य नाही.

१३. प्राणीसंग्रहालयं हवीतच कशाला?

निव्वळ करमणुकीसाठी नकोत. राष्ट्रीय प्राणीसंग्रहालय धोरण १९९८ सालचं आहे, आणि त्यातही संवर्धनाला हातभार हा मुख्य उद्देश आहे. बंदिवासातल्या प्रजननाचा खरा उपयोग गिधाडांत दिसतो. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांच्या काही जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी ते औषध बंद झालं. हरियाणातल्या पिंजोरला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) मदतीने वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणून सोडली गेली. तिथला पिंजरा वाटेवरचा मुक्काम होता.

याउलट, राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यांतला एक त्याच वर्षी मेला. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा पक्षी मुंबईत थंड काचघरात ठेवून इथल्या कोणत्याही जातीचं रक्षण होत नाही. गर्दी झाली, मुलं खूश झाली, हे मान्य. तो पैसा इथल्या जखमी प्राण्यांच्या उपचारावर गेला असता तर आम्ही जास्त समाधानी असतो.

१४. चांगलं संग्रहालय कसं ओळखायचं?

आधी त्याला केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आहे का ते पाहा. यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. मान्यतेशिवाय संग्रहालय चालवताच येत नाही. रिसॉर्टमधले ‘मिनी झू’ यात बरेचदा सापडतात.

मग पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं शांत उभं राहा. बिबट्या एकाच रेषेत, त्याच वळणावर मान तशीच वळवत येरझारा घालत असेल, अस्वल जागीच डुलत असेल, माकड स्वतःचे केस उपटत असेल, तर तो मानसिक ताण आहे. पायाखाली काँक्रीट आहे की माती? दुपारच्या उन्हात सावली आहे का? प्रेक्षकांच्या नजरेआड लपायला जागा आहे का? ही शेवटची गोष्ट लोकांना आवडत नाही, ‘प्राणी दिसलाच नाही’ म्हणून तक्रार करतात. पण न दिसण्याचा हक्क असलेला प्राणीच निरोगी राहतो. मांस लाकडाच्या ओंडक्यात लपवणं, उंच टांगणं, बर्फात गोठवून देणं अशा युक्त्या दिसल्या तर तिथले कर्मचारी मन लावून काम करतात असं समजा. आठवड्याची सुट्टी नियमानेच बंधनकारक आहे आणि ती प्राण्यांसाठी असते. काचेवर टकटक करणं, खायला टाकणं, आरडाओरडा करणं हे कायद्याच्या कलम ‘३८-जे’खाली गुन्हे आहेत.

१५. माणिकडोहला इतके बिबटे आहेत, त्यांना सोडून का देत नाहीत?

जुन्नरजवळचं माणिकडोह हे बचाव केंद्र आहे, संग्रहालय नाही. तिथले बरेच बिबटे जखमी, वयस्क, लहानपणीच आईवेगळे झालेले किंवा हल्ल्याच्या प्रकरणात पकडलेले. शिकार येत नसलेला किंवा माणसाला न बुजणारा बिबट्या सोडणं म्हणजे त्याचा आणि कुणाच्या तरी पोराचा जीव धोक्यात घालणं (कारण प्रश्न ८ मध्ये). जन्मभराचा पिंजरा हे वाईट उत्तर आहे, पण अशा प्राण्याबाबत उरलेली उत्तरं त्याहून वाईट आहेत. म्हणूनच प्रश्न ६ मधली भेट साधणं इतकं महत्त्वाचं.

१६. पांढरा वाघ दुर्मीळ आहे, त्याचं तरी प्रजनन करायला हवं ना?

नको. ती वेगळी जात नाही, बंगाल वाघातलाच एक अप्रभावी जनुकाचा रंग आहे. आजचे पांढरे वाघ मुख्यतः १९५१ मध्ये रीवा भागात पकडलेल्या मोहन नावाच्या वाघाच्या वंशातले. रंग टिकवायला नात्यातच संकर करत गेले, त्यामुळे अनेक व्यंगं आली.

१७. देवस्थानचा हत्ती लोक लेकरासारखा सांभाळतात. तो का काढून घ्यायचा?

जोतिबाला दिलेला सुंदर नावाचा हत्ती २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला. नांदणी मठाची महादेवी हत्तीण २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात नेली, तेव्हा अख्खं कोल्हापूर रस्त्यावर आलं. लोकांची माया खोटी नव्हती. पण हत्तीण कळपाने राहते, दिवसाला दीडशे किलोच्या वर चारा खाते आणि मैलोन्‌मैल चालते. साखळीने बांधून सिमेंटवर उभी राहिली की तळपाय फुटतात, नखांत पू होतो, सांधे जातात. माया यावर औषध नाही. आम्हाला वाटतं, जवळपासच मोकळी माती, पाणी, दुसरे हत्ती आणि पशुवैद्य मिळतील अशी व्यवस्था गावाला भेटीला येता येईल इतक्या अंतरावर उभी राहावी. हत्ती विकता येत नाही. मालकीचा दाखला आणि परवानगीशिवाय तो दुसऱ्याकडे देताही येत नाही.

१८. नागपंचमीला गारुड्याच्या नागाला दूध पाजलं तर काय बिघडतं?

नागाला दूध पचत नाही. पितो कारण त्याला कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेलं असतं. दात उपटलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं, आणि त्या जखमा सडून तो मरतो. बत्तीस शिराळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक बंद झाली, मातीच्या नागाची पूजा सुरू आहे. २०२५ मध्ये केंद्राने तिथे मर्यादित संख्येने नाग पकडायला परवानगी दिली ती अभ्यास आणि शिक्षणापुरती. दारात गारुडी आला तर पैसे देऊ नका, १९२६ ला कळवा.

१९. आजोबांच्या वाड्यात सांबराची शिंगं आणि वाघाचं कातडं आहे. ठेवू का?

मालकीचा दाखला असेल तर वारशाने ठेवता येतं, विकता येत नाही. नको असेल तर २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४२ अ खाली स्वेच्छेने जमा करता येतं, मोबदला मिळत नाही. दाखला नसेल तर अडचण खरी आहे: जुना साठा जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती, ती कधीच संपली. अशा वेळी लपवू नका, जाळू नका, पुराण्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला तर मुळीच देऊ नका. वस्तू कधीपासून घरात आहे याचे जुने फोटो, कागद गोळा करून वकिलामार्फत वन विभागाला लेखी कळवा.

रानात गळून पडलेलं शिंग उचलून आणणंही चालत नाही. असं काही हाती आलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वन कार्यालयात कळवायचं असतं. आपोआप गळलेलं मोरपीस याला अपवाद आहे. पूजेच्या साहित्यात ‘हत्था जोडी’ नावाची मूळी विकत घेतली असेल तर तीही तपासून घ्या: ती मूळी नसून घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे.